बुधवारचा भोंगा

कल्पना करा, पण डोळे मिटू नका. डोळे मिटले की मुलांना झोप लागते, हे मी पुष्कळ वर्षं पाहिलं आहे. डोळे उघडेच ठेवा आणि फक्त कान लावा.

बुधवार आहे. सकाळचे अकरा वाजले आहेत. तुम्ही एका खोलीच्या घरात खिडकीशी बसला आहात. खिडकीबाहेर ओटा, ओट्यापुढे गल्ली, गल्लीच्या टोकाला ठाणे-बेलापूर रस्ता आणि त्या रस्त्यापलीकडे कारखाने. इतक्यात भोंगा वाजू लागतो. गल्लीतलं कुत्रंसुद्धा मान वर करत नाही. शेजारची बाई धुणं वाळत घालत असते, ती घालतच राहते. तुम्हीही उठत नाही. का उठाल? बुधवारी अकराला भोंगा वाजतोच.

गावाचं नाव तळवली. गाव खरं आहे, घणसोलीकडे गेलात तर दिसेल. कारखाना मात्र मी मनानं रचला आहे. तो कुठे आहे म्हणून शोधायला जाऊ नका.

या रचलेल्या कारखान्याचा भोंगा दर बुधवारी वाजवून बघत, बिघडला तर नाही ना म्हणून. तपासणीचा भोंगा सरळ वाजायचा, एकाच पट्टीत, दोन मिनिटं. खरा धोका असला, कारखान्यातून विषारी वायू सुटला, तर तो हलायचा. वर चढायचा, खाली यायचा, पुन्हा चढायचा. हे सांगणारी पत्रकं कारखान्यानं एकदा गावात वाटली होती. त्यातली बरीचशी डब्यांच्या तळाशी घातली गेली.

पोपटआबांनी मात्र आपलं पत्रक भिंतीला चिकटवून ठेवलं होतं. आबा परभणीकडच्या एका खेड्यातून तिशीत इकडे आले. बावीस वर्षं त्यांनी याच कारखान्यांमध्ये पिंपं चढवली आणि उतरवली, मोठ्या पंख्यांच्या घरघरीत. त्या घरघरीनं त्यांचे कान गेले. म्हणजे अगदी बहिरे झाले नाहीत. आवाज झाला एवढं कळायचं, कसा झाला ते कळायचं नाही.

म्हणून त्यांनी नातीचे कान वापरायला घेतले. नातीचं नाव संघप्रिया, वय बारा. तिची शाळा दुपारची, त्यामुळे बुधवारी अकराला ती घरीच असायची. भोंगा सुरू झाला की आबा ओट्यावरच्या खुर्चीतून उठत, दोरीवरचा पंचा काढत, तो दाराजवळच्या पाण्याच्या बादलीच्या काठावर ठेवत आणि विचारत, "संघे, कसा वाजायलाय गं? सरळ का हलायलाय?"

ती कान देऊन ऐकायची. मग म्हणायची, "सरळ, आबा."

आबा पंचा पुन्हा दोरीवर टाकत. पण तेवढ्यावर सोडत नसत.

"आन् हलायला लागला तर?"

"पंचा भिजवायचा. नाकावर धरायचा. वाऱ्याला आडवं चालायचं. धावायचं नाही."

"आन् माझं काय?"

"तुमचा हात धरायचा."

"हात धरून नाही आलो तर ढकल मला," आबा म्हणत आणि स्वतःच हसत. "हातगाडी ढकलतेत तसं."

हे सगळं दर बुधवारी. शेजारच्या राजाबाई म्हणायच्या, "आलं बघा यांचं नाटक. तिकीट लावा आता." आबांना ते ऐकू जायचं नाही. संघप्रियाला जायचं. आणि खरं सांगायचं तर अलीकडे तिला त्या नाटकाची थोडी लाज वाटू लागली होती.

ते वर्ष असं की मे महिन्यात आंबा फार आला. संघप्रियाची आई, रंजिता, वाशीच्या फळबाजारात पेट्या भरायच्या कामावर होती. एरवी ती पहाटे जाऊन दहाला घरी यायची, पण आंब्याच्या दिवसांत दुपारचे दोन वाजायचे. त्या बुधवारी निघताना तिनं वर्षाच्या मसाल्याच्या लवंगी मिरच्या चादरीवर पसरून ओट्यावर ठेवल्या आणि आबांना म्हणाली, "उन्हं आली की सारख्या करा. कावळ्यांवर लक्ष ठेवा." संघप्रियाचे बाबा अभय टेम्पोवर होते, ते नाशिकच्या वाटेवर होते.

अकरा वाजले. भोंगा सुरू झाला.

आबा उठले, पंचा काढला, बादलीच्या काठावर ठेवला. खिडकीतून विचारलं, "संघे, कसा वाजायलाय गं?"

संघप्रिया आत कॉटवर होती. तिच्या एका कानात इअरफोन होता. मोबाईलवर ती एका मुलीच्या नाचाचा व्हिडिओ बघत होती, तिसऱ्यांदा. दुसरा कान मोकळा होता, पण कान मोकळा असणं आणि ऐकणं यांत फरक असतो.

"सरळ, आबा," ती म्हणाली.

"बग बरं नीट."

"सरळ वाजतोय, आबा. बुधवार आहे ना आज."

आबांनी पंचा दोरीवर टाकला आणि खुर्चीत बसले.

थोड्या वेळानं ते खोकू लागले. त्यांना वाटलं, मिरच्यांचा खकाणा उठला. ते मिरच्यांकडे बघून हात हलवत हसले, हे समोरच्या दुकानातून सुयश नावाच्या पोरानं पाहिलं होतं, त्यानंच नंतर सांगितलं. संघप्रियानंही खोकला ऐकला. तिलाही वाटलं, मिरच्या. तिनं उठून खिडकी लावली, आपल्याला ठसका लागू नये म्हणून.

खिडकी लावताना तिच्या कानातला इअरफोन पडला. तेव्हा तिला ऐकू आलं. भोंगा अजून चालू होता. दोन मिनिटं कधीच होऊन गेली होती, आणि तो वर चढत होता, खाली येत होता, पुन्हा चढत होता.

ती बाहेर आली तेव्हा गल्लीत लोक पळत होते. हवा पिवळसर दिसत होती. आबा खुर्चीत नव्हते. ते मिरच्यांच्या चादरीवर आडवे पडले होते. तिनं पंचा भिजवला, त्यांच्या नाकावर धरला, हात धरला, ओढलं. ते उठले नाहीत. ढकलूनही उठले नाहीत. शेवटी सुयश आणि आणखी दोघांनी त्यांना उचललं.

आबा इस्पितळात एकोणीस दिवस होते. त्यांच्या तोंडात नळी होती, त्यामुळे बोलता येत नव्हतं. विसाव्या दिवशी ते गेले. चौकशी झाली आणि कागदावर लिहिलं गेलं की मृताला जुना खोकला होता. भोंगा वेळेवर वाजला होता, अशीही नोंद झाली. ती खोटी नव्हती.

गावात जो भेटे तो एकच म्हणे, "बुधवार होता ना. कुणाला कळणार?" राजाबाईंनी पदरानं डोळे पुसत तेच सांगितलं, "मी धुणं घालत होते बाय. मला तरी कुठं समजलं? बुधवार होता."

संघप्रिया मान हलवायची. बुधवार होता. या वाक्यामागे सगळं गाव उभं राहिलं होतं, तिथे आणखी एका मुलीला जागा सहज मिळाली. खिडकीतून तिनं काय उत्तर दिलं होतं, ते आबांशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

पण रंजिता त्या वाक्यामागे उभी राहिली नाही. ती म्हणायची, "मिरच्या घातल्या नसत्या तर आबा आत असते. खकाणा समजून बसून राहिले. मी बसवलं त्यांना." नवऱ्यानं समजावलं, शेजारणींनी समजावलं. तिनं त्या मिरच्या फेकल्या. त्यानंतर घरातलं काहीच तिनं उन्हात घातलं नाही, पापड नाहीत, गोधडी नाही. आबांचा पंचा त्या दिवशी कुणीतरी पुन्हा दोरीवर टाकला होता, तो तसाच राहिला. त्याला हात लावायचा नाही, असं कुणी म्हटलं नव्हतं, पण कुणी लावला नाही. आणि बुधवारी अकराला भोंगा वाजला की रंजिता मिक्सर सुरू करायची. भांड्यात काही नसलं तरी. तो रिकामा मिक्सर दोन मिनिटं ओरडायचा, आणि माय-लेकी एकमेकींकडे न बघता बसायच्या.

असे सहा महिने गेले.

आता वैजयंतीबाईंकडे वळू. त्या जुईनगरला राहत, शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. दर शनिवारी त्या बसनं तळवलीला येत आणि समाजमंदिरात मुलांना गोष्टी लिहायला शिकवत. गावातली मुलं असत, घणसोलीच्या सोसायट्यांमधलीही चार-पाच असत. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी बाई म्हणाल्या, "पन्नास वर्षांनंतरचं एक शहर घ्या. तिथे काहीतरी फार बिघडलेलं आहे, पण लोकांना त्याची सवय झाली आहे. त्या शहराची गोष्ट लिहा."

केयूरनं लगेच हात वर केला. "बाई, झॉम्बी चालतील?"

"तू पाहिलेस का?"

"मोबाईलवर."

"मग ते तिथेच बरे आहेत. तू स्वतः काय पाहिलंस?"

"काही नाही. आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद पडते, तेवढंच."

"अडकला होतास?"

"चाळीस मिनिटं."

"मग?"

"मग काही नाही. मी रडलो नाही."

"मी विचारलंच नव्हतं," बाई म्हणाल्या, आणि मुलं हसली. केयूरही हसला, पण त्याचे कान लाल झाले. "तिथूनच सुरू कर," बाई म्हणाल्या. "असं शहर, जिथे लिफ्ट कधी उघडतच नाही. लोक तिथेच मोठे होतात."

"बाई, मग ती माझीच गोष्ट होईल ना. भविष्याची कुठे?"

बाईंनी जरा विचार केला. त्यांना घाईनं उत्तर द्यायची सवय नव्हती. "मी तुझ्याएवढी असताना आमच्या चाळीत पाण्याची फार मारामार होती. एकदा मी भरलेली कळशी सांडली. त्या दिवशी माझ्या आजारी बहिणीला दुपारपर्यंत पाणी मिळालं नाही. मी आज बिघडलेलं शहर लिहायला बसले, तर त्यात रोबो असतील, आकाशात गाड्या असतील, काय वाटेल ते असेल. पण कुठेतरी एक कळशी सांडेलच. मी नाही म्हटलं तरी सांडेल."

"बहिणीला कळलं होतं, तुम्ही सांडली ते?" हे जाईनं विचारलं. ती केयूरच्याच इमारतीत राहायची.

"नाही," बाई म्हणाल्या. "मी मांजरावर ढकललं होतं."

मुलं पुन्हा हसली. संघप्रिया हसली नाही.

पुढच्या शनिवारी मुलांनी गोष्टी वाचून दाखवल्या. संघप्रियाच्या गोष्टीचं नाव होतं 'कानपेटी'. तिनं उभं राहून वाचलं:

"सन दोन हजार पंच्याहत्तर. या शहरात इतका आवाज झाला की माणसांनी कानात मेण घालून टाकलं. मग सरकारनं प्रत्येक घरात एक कानपेटी बसवली. पेटी सगळं ऐकते आणि माणसांना सांगते. बाहेर धोक्याचा भोंगा वाजला की भिंतीवर दिवा लागतो, माणूस पेटीला विचारतो आणि पेटी सांगते, सरळ आहे. मग माणूस आपल्या कामाला लागतो. पेटी कधी चुकत नाही, असं शाळेत शिकवतात. एका घरात एक म्हातारा होता. एके दिवशी दिवा लागला. म्हाताऱ्यानं विचारलं, कसा वाजतो आहे? पेटी तेव्हा दुसरंच काहीतरी ऐकत होती. ती म्हणाली, सरळ वाजतोय, आबा. म्हातारा बसला. पिवळं धुकं आलं. दुसऱ्या दिवशी सरकारची माणसं आली. त्यांनी पेटी पुसली, तपासली आणि लिहिलं की पेटी चांगली आहे. ती दुसऱ्या घरात बसवली."

गावातल्या मुलांना कशाची गोष्ट आहे ते कळलं होतं. मग केयूर म्हणाला, त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, "भारी आहे. पण एक मिस्टेक आहे. मशीन आबा कशाला म्हणेल? सर म्हणेल. नाहीतर 'प्रिय ग्राहक' म्हणेल."

एकदोघं हसली. संघप्रियानं वहीत बघितलं. आबा हा शब्द तिथे होता. तिनंच लिहिला होता, आणि लिहिताना तिला तो दिसला नव्हता.

"चुकून झालं," ती म्हणाली. "खोडते."

वर्ग सुटल्यावर बाई सतरंजी गुंडाळत होत्या. संघप्रिया दुसरं टोक धरायला गेली.

"पुढच्या रविवारी तुमचे आईबाबा येणार आहेत ऐकायला," बाई म्हणाल्या. "तुझी गोष्ट वाचायची का?"

"वाचते ना. तो शब्द काढून."

"काढ. गोष्ट तुझी आहे." बाईंनी सतरंजीची घडी घातली. "मला एकच विचारायचं होतं. पेटी तेव्हा दुसरं काहीतरी ऐकत होती, असं लिहिलं आहेस. काय ऐकत होती?"

संघप्रियाच्या हातातलं टोक सुटलं. तिनं खाली वाकून ते उचललं, पण वर बघितलं नाही.

"मला काय माहीत," ती म्हणाली. "पेटीला माहीत."

"बरं," बाई म्हणाल्या. निघताना त्यांनी फक्त तिच्या डोक्यावर हात ठेवला. बस चुकेल म्हणून त्या लगबगीनं गेल्या.

घरी येऊन संघप्रियानं आबा खोडलं आणि सर लिहिलं. सरळ वाजतोय, सर. तिनं ते वाक्य वाचून बघितलं. ते आता कुणाचंच नव्हतं. तिनं सर खोडलं, ग्राहक लिहिलं. तेही खोडलं. शेवटी कागद तिथे फाटला.

बुधवारी अकराला भोंगा वाजला, आणि रंजितानं मिक्सर सुरू केला. दोन मिनिटांनी बंद केला. मग ती भांडं धुवायला उठली आणि पाठमोरीच म्हणाली, "तुझ्या बाई भेटल्या होत्या बसस्टॉपवर. रविवारी बोलावलंय. तू आबांवर लिहिलंयस म्हणे?"

"त्यांनी सांगितलं?"

"त्यांनी नाही. केयूरची आई होती तिथं, ती म्हणाली." रंजिता भांडं घासत राहिली. ते आधीच स्वच्छ होतं. "त्याच्यात मिरच्या आहेत का?"

"नाहीत."

"घाल," रंजिता म्हणाली. "खरं लिहायचं तर ते घाल. माझं नाव नको टाकू, पण घाल. लोकांना वाटतं बुधवार होता म्हणून झालं. बुधवार दर आठवड्याला असतो."

संघप्रियाला तेव्हाच सांगता आलं असतं. आई चार पावलांवर होती. तिनं तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडून निघालं, "भूक लागली." रंजितानं तिला जेवायला वाढलं. जेवून ती शाळेत गेली.

तुम्हाला वाटेल, एवढी कसली भीती? आई मारणार होती का? नव्हती. मारलं असतं तर बरं, असं संघप्रियाला वाटत होतं. भीती वेगळी होती. आजवर आईनं तिला जवळ घेऊन थोपटलं होतं, बिचारी पोर घरात एकटी होती म्हणून. खरं कळल्यावर ती कुणाला थोपटणार?

पण मिरच्या गोष्टीत घालणं हे त्याहून कठीण निघालं. गुरुवारी तिनं लिहून बघितलं: पेटीच्या घरात एक बाई होती, तिनं मिरच्या वाळत घातल्या. वाक्य पुरं झालं आणि गोष्टीतली पेटी एकदम निर्दोष झाली. सरकारची माणसं येतील, पेटी पुसतील आणि बोट त्या बाईकडे करतील. संघप्रियानं ते पान उलटलं. नव्या पानावर तिनं पहिल्यापासून लिहायला घेतलं आणि शनिवारपर्यंत लिहीत राहिली.

रविवारी समाजमंदिरात पंचवीस-तीस माणसं होती. रंजिता शेवटच्या रांगेत बसली होती, कडेला, केव्हाही उठून जाता येईल अशी. केयूरनं लिफ्टमधल्या शहराची गोष्ट वाचली. त्यात एक मुलगा चाळीस वर्षं रडत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग संघप्रिया उठली.

शहर तेच होतं. मेण तेच, भोंगा तोच, भिंतीवरचा दिवाही तसाच. पण मध्येच ती म्हणाली, "सगळ्या घरांत पेटी होती. एका घरात नव्हती. त्या म्हाताऱ्याला पेटीचा भरवसा नव्हता, म्हणून त्यानं पेटीऐवजी आपली नात ठेवली होती."

तिचा आवाज बारीक झाला. बाई भिंतीशी उभ्या होत्या, त्या हलल्या नाहीत.

"दिवा लागला. म्हाताऱ्यानं पंचा काढला आणि विचारलं, कसा वाजायलाय गं? नात तेव्हा एका नाचाचं गाणं ऐकत होती. ते तिनं आधी दोनदा ऐकलं होतं. ती म्हणाली, सरळ, आबा. तो म्हणाला, नीट बघ. तिनं बघितलं नाही. ती म्हणाली, सरळ वाजतोय, आबा. ओट्यावर मिरच्या होत्या. मिरच्यांनी काही केलं नव्हतं. म्हाताऱ्याला उठायचं होतं. तो उठला होता. नातीनं सांगितलं म्हणून तो परत बसला."

याच्या पुढेही एक परिच्छेद होता, सरकारच्या माणसांचा. तो तिनं वाचला नाही. ती खाली बसली.

टाळ्या वाजल्या नाहीत. कुणाचं तरी तान्हं मूल कुरकुरलं. राजाबाईंनी हळूच विचारलं, "हे गोष्टीतलं का खरं?" त्यांच्या शेजारच्या बाईनं त्यांचा हात दाबला.

रंजिता उठली. तिनं लेकीकडे बघितलं, आणि त्या बघण्यात काय होतं ते मला सांगता येणार नाही. मग ती बाहेर गेली. तिची चप्पल पायरीवरून जाताना ऐकू आली, आणि मग तीही ऐकू येईना.

संघप्रिया घरी आली तेव्हा ताट वाढून झाकून ठेवलेलं होतं. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. सोमवारी आई तिच्याशी दोन वाक्यं बोलली: दप्तर घे, आणि दार लाव. मंगळवारी एकच. अभयनं दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. संध्याकाळी तो लेकीजवळ येऊन बसला, म्हणाला, "तुझी आई गप्प आहे, पण काल मिरच्या आणल्यात तिनं. मसाला करायचा म्हणाली." एवढंच बोलून तो टेम्पो पुसायला गेला. संघप्रियानं बघितलं. पिशवी कोपऱ्यात होती, तोंड बांधलेली.

आणि मग बुधवार आला.

आता पुन्हा कान लावा. सकाळचे अकरा वाजले आहेत. रंजिता ओट्याकडे पाठ करून स्वयंपाकाच्या कोपऱ्यात उभी आहे, मिक्सरजवळ. संघप्रिया खिडकीशी आहे. बाहेर खुर्ची रिकामी आहे आणि दोरीवर सहा महिन्यांच्या धुळीनं करडा झालेला पंचा आहे. रस्त्यापलीकडे भोंगा सुरू होतो.

रंजिताचा हात मिक्सरच्या बटणाकडे गेला. तिथे पोचला, आणि थांबला. तिनं बटण दाबलं नाही. कितीतरी आठवड्यांनी त्या खोलीत भोंग्याचा आवाज पुरता आत आला. रंजिता वळली नाही. भिंतीकडेच बघत तिनं विचारलं,

"कसा वाजतोय?"

संघप्रियानं लगेच उत्तर दिलं नाही. ती उठली, ओट्यावर गेली, दोरीवरचा पंचा काढला आणि बादलीच्या काठावर ठेवला. शेजारी राजाबाई धुणं वाळत घालत होत्या, त्यांचे हात थांबले. संघप्रिया रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली आणि ऐकत राहिली, एक मिनिट, दोन मिनिटं, भोंगा खाली बसून पुरता विरेपर्यंत. मग आणखी थोडा वेळ, नुसती शांतता. त्यानंतर ती आत आली, आईच्या मागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सरळ, आई. शेवटपर्यंत ऐकला."

मग ती परत बाहेर गेली. पंचा उचलला, बादलीत बुडवून चोळून धुतला, पिळला आणि दोरीवर उन्हात टाकला.